मागचा शॉकअप ‘हार्ड’ करायचाय? आधी मेजर टेप काढा

गणपतीला गावी निघालेल्या मोटरसायकली कधी मागून पाहा. नवरा-बायको डबलसीट, मध्ये दाबून बसवलेलं पोरगं, टाकीवर एक पिशवी, मागे कॅरिअरला आवळलेली बॅग. मागचं चाक मडगार्डात शिरलेलं असतं आणि हेडलाइट रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडत असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण दशकभराहून जास्त काळ चाललंय, त्यामुळे डायव्हर्जनला तोटा नाही. त्यातलं एखादं येतं, खड्डा दिसायच्या आत खालून ‘ठाक्’ होतं. मागे बसलेलं माणूस काही बोलत नाही, फक्त खांद्यावरचा हात घट्ट होतो.

हा ‘ठाक्’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. गेल्या पावसाळ्यात तो घेऊनच मी गॅरेजला गेलो. मिस्त्री म्हणाला, “साहेब, शॉकअप हार्ड करून देतो, दोन मिनिटांचं काम.” पाना लावला, स्प्रिंगच्या डोक्यावरची कॉलर शेवटपर्यंत आवळली, झालं. दुसऱ्या दिवशी एकटा ऑफिसला निघालो तर गाडी प्रत्येक गतिरोधकावर टणाटण उडायला लागली. आणि पुढच्या रविवारी ताम्हिणीत डबलसीट गेलो, तेव्हा आवाज कमी वेळा आला, पण आलाच. म्हणजे एकट्याचं सुख गेलं आणि दोघांचं दुखणं राहिलं. त्याने केलं ते चुकीचं नव्हतं. पण त्याने शॉकअप हार्ड केलाच नव्हता, आणि सगळा घोळ इथेच आहे.

शॉकअपमध्ये कामगार दोन

शॉकअप म्हणजे बाहेरची स्प्रिंग आणि तिच्या पोटातली तेलाची नळी. स्प्रिंग वजन तोलते. तेलाची नळी स्प्रिंगला आवरते, नाहीतर एकदा दबलेली स्प्रिंग उसळत राहील. नळीत एक दट्ट्या असतो आणि त्याच्या बारीक भोकांतून तेलाला इकडून तिकडे जावं लागतं. होळीची पिचकारी हळू दाबली तर सहज रिकामी होते, जोरात दाबली तर हाताला विरोध करते. तेच इथे. स्प्रिंग विचारते, ‘किती दाबलंस?’ तेल विचारतं, ‘किती वेगाने दाबलंस?’ तेलाच्या या आवरण्याला डॅम्पिंग म्हणतात.

‘गाडी बसते’ ही तक्रार बहुतेक वेळा स्प्रिंगची असते आणि ‘गाडी झुलते’ ही तेलाची. गॅरेजमध्ये दोन्हींवर एकच औषध मिळतं, कॉलर आवळणे.

रद्दीवाल्याचा काटा

हुकाला गठ्ठा टांगायचा तो रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा डोळ्यांसमोर आणा. एक किलो टांगलं की दर्शक एक रेघ खाली, दोन किलोला दोन रेघा, पाचला पाच. वजन आणि ताण सरळ प्रमाणात. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम 1676 मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवून छापला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला. आपला शोध दुसऱ्याने ढापू नये म्हणून त्या काळी असले उद्योग चालत.

काट्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या स्प्रिंगचा स्वभाव. 10 किलोच्या काट्यावर रेघा लांब लांब, 50 किलोच्या काट्यावर जवळ जवळ, कारण आतली स्प्रिंग जाड. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो, या आकड्याला स्प्रिंग रेट म्हणतात. तो न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये लिहितात, कुठे किलो प्रति मिलिमीटरमध्ये. अमेरिकी कॅटलॉगात पौंड प्रति इंच असतो. एक किलो प्रति मिलिमीटर म्हणजे 9.8 न्यूटन प्रति मिलिमीटर किंवा 56 पौंड प्रति इंच, एवढं लक्षात ठेवलं तरी ऑनलाइन मागवताना फसगत टळते. हार्ड स्प्रिंग म्हणजे रेट जास्त असलेली स्प्रिंग. बाकी काही नाही.

मग ती कॉलर काय करते?

काट्याला वर एक छोटा स्क्रू असतो, दर्शक शून्यावर आणायला. लबाड रद्दीवाला त्याच स्क्रूने दर्शक शून्याच्या जरा वर चढवून ठेवतो, म्हणजे पहिला अर्धा किलो फुकट जातो. पण त्यापुढे प्रत्येक किलोला दर्शक तेवढाच उतरतो. स्क्रू फिरवून रेघांमधलं अंतर बदलत नाही.

शॉकअपची कॉलर हा तो स्क्रू. तिला प्रीलोड म्हणतात. कॉलर आवळली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते, त्यामुळे गाडी उंच उभी राहते. स्प्रिंगचा रेट होता तोच राहतो. मग गाडी ‘हार्ड’ का वाटते? कारण सुरुवातीचा अर्धा किलो फुकट गेलाय. गाडी वरच्या टोकाजवळ उभी राहते, चाकाला खड्ड्यात उतरायला जागा कमी उरते आणि धक्का थेट बुडाला लागतो. मोठा खड्डा आला की मात्र जुनीच मऊ स्प्रिंग पुढे येते.

म्हणून प्रीलोड ही उंची लावायची सोय आहे. मागे माणूस बसला, गाडी खाली गेली, कॉलर फिरवून परत वर आणली, इतकंच तिचं काम. ते ती उत्तम करते.

अडकित्त्याचा हिशेब

मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीत अजून एक भानगड. शॉकअप चाकाच्या डोक्यावर नसतो, पुढे चिमट्याच्या मुळाशी असतो. (मागचं चाक ज्या लोखंडी दुबेळक्यात बसतं त्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात, कंपनीच्या भाषेत स्विंगआर्म.) अडकित्ता घ्या. बिजागरीजवळ सुपारी, लांब टोकाला हात. हात बराच हलतो, सुपारीवरचं पातं थोडंसंच हलतं, पण जोर कितीतरी पट होतो. चाक म्हणजे हात, शॉकअप म्हणजे सुपारी.

समजा हे प्रमाण 3 ला 1 आहे. चाक 180 मिलिमीटर वर आलं तर शॉकअप 60 मिलिमीटरच दबतो, आणि जोर तिप्पट सोसतो. अंतरही तिपटीने कमी, जोरही तिपटीने जास्त, म्हणून चाकाला जाणवणारी स्प्रिंग मूळ स्प्रिंगच्या नवव्या हिश्श्याइतकी मऊ. 90 न्यूटनची स्प्रिंग चाकापाशी 10 न्यूटनची होते. म्हणजे साधारण एक किलोला एक मिलिमीटर! 60 किलोचं माणूस मागे बसलं की गाडी 60 मिलिमीटर खाली. चाक एकूण वर-खाली किती हलू शकतं त्याला ट्रॅव्हल म्हणतात. 2016 मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनच्या 411 सीसी मॉडेलला मागे 180 मिलिमीटर ट्रॅव्हल होता, रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांना याहून बराच कमी. त्यातले 60 एका माणसात गेले.

पुढे बसणाऱ्याचं वजन दोन्ही चाकांत जवळपास निम्मं निम्मं वाटलं जातं. मागच्याचं जवळजवळ सगळं मागच्या चाकावर. आणि बॅग चाकाच्या आसाच्याही मागे लोंबत असेल तर ती स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार देते, कारण ती पुढचं चाक हलकं करत असते. डबलसीट गाडीचं हँडल घाटात सैल वाटतं, वळणावर गाडी बाहेर पळते, हेडलाइट आभाळात जातो, या सगळ्याचं कारण हेच.

पार्किंगमधली मोजणी

आता मुख्य काम. स्प्रिंग बदलावी की नाही हे पाठीला विचारू नका, पाठ दर सोमवारी वेगळं उत्तर देते. मेजर टेपला विचारा. वजनाने गाडी किती खाली बसते, त्याला सॅग म्हणतात, आणि तो मोजायला तीन माणसं लागतात.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी, बायको आणि वॉचमनकाका, अशी ही समिती बसली. मेन स्टँडवर गाडी लावली, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि आसापासून पट्टीपर्यंतचं अंतर लिहून घेतलं. हा शून्य. मग गाडी स्टँडवरून उतरवून सरळ उभी धरली, सीट दाबून दोनदा उसळू दिली आणि तेच अंतर मोजलं. 14 मिलिमीटर कमी. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने 14 बसते. मग हेल्मेट-जॅकेट घालून मी बसलो, काकांनी हँडल धरलं, बायकोने टेप लावला, 52. मग बॅगा लावल्या, बायको मागे बसली, टेप काकांकडे गेला. काका म्हणाले, “साहेब, परत मोजतो, काहीतरी चुकतंय.” चुकत नव्हतं. 128.

जाता जाता समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा झोत कुठे पडतो त्याच्या खडूने रेघा मारल्या. एकट्याची एक, दोघांची एक. दोघांची रेघ जवळपास खांद्याला आली.

आकडे वाचायचे कसे? चालवणारा बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या 30 टक्क्यांच्या आसपास सॅग हवा. माझ्या गाडीचा ट्रॅव्हल 180, त्याला 54. नुसत्या गाडीचा 5 ते 10 टक्के. म्हणजे एकट्याला माझी स्प्रिंग अगदी बरोबर होती. दोघांत मात्र 180 पैकी 128 खड्ड्याआधीच संपत होते. उरले 52, आणि त्यात सगळं डायव्हर्जन बसवायचं.

मिस्त्रीने आवळली होती तशी कॉलर पूर्ण आवळूनही आकडे घेतले. दोघांचा 107, बरा. पण नुसत्या गाडीचा शून्य. गाडी वरच्या टोकाला टेकून उभी. एकट्याने जाताना चाकाला खड्ड्यात खाली उतरायला फारशी जागाच नाही, म्हणून ते टणाटण.

यातूनच सगळ्यात उपयोगाची खूण मिळते, आणि ती ऐकायला उलटी वाटते. नेहमीच्या वजनाला प्रीलोडने सॅग बरोबर लावा, मग उतरून नुसत्या गाडीचा मोजा. तो शून्याच्या जवळ आला, तर स्प्रिंग मऊ आहे, कारण तिला उभं करायला भरमसाट आवळावं लागलंय. उलट तो खूपच मोठा आला, तर स्प्रिंग गरजेपेक्षा हार्ड आहे. गाडी रिकामी असताना ताठ उभी दिसते म्हणून स्प्रिंग हार्ड आहे असं समजणारे निम्मे लोक इथेच चकतात. मीही चकलो होतो.

किती हार्ड घ्यायची?

इथे मोह आवरावा लागतो. मी 20 टक्के जास्त रेटची घेतली. आकडे असे आले: नुसती गाडी 8, मी एकटा 40, दोघं आणि बॅगा 103. लांबच्या प्रवासाआधी कॉलर आणखी आवळली की दोघांचा 88. म्हणजे खड्ड्यासाठी 52 च्या जागी 92 मिलिमीटर शिल्लक, आणि तेही जास्त ताठ मिलिमीटर.

किंमत कुठे मोजली? एकट्याचा 52 होता तो 40 झाला. ऑफिसला जाताना गाडी पूर्वीपेक्षा किंचित कडक आहे, हे खरं. दोन्ही वजनांना एकच स्प्रिंग अचूक बसत नाही. मी वर्षातल्या बऱ्याच शनिवार-रविवारी डबलसीट जातो म्हणून मला हा व्यवहार पटला. जो वर्षातून एकदाच गणपतीला दोघं जातो, त्याने स्प्रिंगला हात लावू नये. प्रीलोड आवळावा, पोहोचल्यावर सैल करावा, एक बॅग एसटीने पाठवावी.

‘कशाला नवी स्प्रिंग? एक वेढा कापून टाकू’

हा सल्ला हमखास मिळतो, आणि गंमत म्हणजे त्यात अर्धं सत्य आहे. स्प्रिंगचे काम करणारे वेढे कमी केले की ती हार्ड होते. आठाचे सात केले तर सुमारे 14 टक्के. पण स्प्रिंग आखूडही होते, म्हणजे प्रीलोड गेला. शिवाय कारखान्यात तिचं टोक घासून सपाट केलेलं असतं. कटरने कापलेलं टोक सपाट नसतं, स्प्रिंग तिरकी बसते आणि शॉकअपच्या दांड्याला आडवा रेटा देते. मग तेलाचं सील फुटतं. गॅसने तापवून कापली तर पोलादाचं पाणीच उतरतं.

योग्य रस्ता तारेच्या जाडीचा. रेट तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिलिमीटरची तार 13 ची केली तर स्प्रिंग 38 टक्के हार्ड. 20 टक्क्यांना अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर फरक पुरतो. म्हणजे दोन स्प्रिंगा हातात घेऊन नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. दुकानदार ‘ही बघा, जाड आहे’ म्हणाला तर रेट विचारा. चांगल्या स्प्रिंगवर आकडा कोरलेला किंवा छापलेला असतो. आतला व्यास आणि लांबीही जुळवून घ्या, नाहीतर रेट बरोबर आणि स्प्रिंग बसतच नाही असं होतं.

‘पाठीचं काय होईल?’

रिकाम्या एसटीत मागच्या सीटवर बसून गेलाय का कधी? डोकं टपाला लागायचं बाकी राहतं. तीच बस भरली की माणसं झोपतात. पाटे (बसच्या स्प्रिंगा) तेच, रस्ता तोच. स्प्रिंग वजनाला साजेशी असली की सुख, नसली की हाल. पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून निघालेल्या दूधवाल्याची गाडी बघा, संथ जाते. परतताना तीच गाडी रिकाम्या कॅनसकट नाचत येते.

तेव्हा पाठीला हार्ड स्प्रिंगपेक्षा चुकीच्या वजनाची स्प्रिंग जास्त त्रास देते. आणि सगळ्यात वाईट धक्का मऊ स्प्रिंगचा असतो, जेव्हा ती संपते. ट्रॅव्हल संपल्यावर मध्ये उरतो तो शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा. त्यापलीकडे लोखंडावर लोखंड. तो ‘ठाक्’ मणक्यापर्यंत जातो.

तेलाचं काय?

हार्ड स्प्रिंग दबल्यावर जास्त जोराने परत येते. तिला आवरायला तेलही थोडं जास्त कडक हवं. 20 टक्के हार्ड स्प्रिंगला डॅम्पिंग साधारण 10 टक्के वाढायला हवं. एवढा फरक चांगल्या स्थितीतला शॉकअप निभावून नेतो. खाली रिबाउंडचा, म्हणजे स्प्रिंगचं परत येणं आवरणारा स्क्रू असेल तर एक-दोन टिचक्या आत घ्यायचा. 40-50 टक्के हार्ड स्प्रिंग टाकली आणि तेल तेच ठेवलं, तर गाडी वळणात मागून उचलल्यासारखी होते, ते धोक्याचं.

घरच्या घरी बघायचं तर सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. वर, खाली, परत वर, असं चाललं तर तेल थकलंय. आणि दांड्याला तेलाचा ओला थर दिसत असेल तर सील गेलंय. आधी ते दुरुस्त करा, नवी स्प्रिंग त्यावर उधळू नका.

‘म्हणजे आता जास्त सामान नेता येईल!’

नाही. स्प्रिंगने गाडी उंच उभी राहते, तिची ताकद वाढत नाही. चेसिस, कॅरिअरची वेल्डिंग, रिम, ब्रेक सगळं तेच आहे. टायरच्या कडेला मापानंतर एक दोन आकडी संख्या असते, उदाहरणार्थ 64. तो भाराचा कोड आहे, 64 म्हणजे 280 किलो. स्प्रिंग कितीही हार्ड असो, त्या टायरवर यापेक्षा जास्त भार नको. जुना ‘ठाक्’ निदान इशारा तरी देत होता, आता तो देणारही नाही.

कायद्याचंही लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असे बदल करू देत नाही. आरसीवर स्प्रिंगच्या रेटचा रकाना नसतो. वॉरंटी मात्र वेगळी गोष्ट, ती चालू असेल तर बदलायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

बदलताना

हे काम यूट्यूब बघून घरी करू नका. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा मोडेल एवढा जोर असतो. कॉलर पूर्ण सैल केल्यावरही ती बहुतेक वेळा दबलेलीच राहते, म्हणून स्प्रिंग दाबून धरायचं यंत्र लागतं. दोरीने बांधून, स्क्रूड्रायव्हर खुपसून काढणारे मी पाहिलेत, आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलेत. शॉकअपमध्ये दाबाने नायट्रोजन भरलेला असेल तर ती नळी उघडायचीच नाही. चिमट्याचे बुश, लिंकेजचे (चिमटा आणि शॉकअप जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बेअरिंग हाताला लागलेच आहेत तर साफ करून ग्रीस भरून घ्या, मजुरी तीच.

नंतरच्या बारीकसारीक गोष्टी कोणी सांगत नाही. गाडी मागून उंच झाल्यामुळे साइड स्टँडवर जास्त कलते, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीवर टेकणार नाही हे बघा. चेनचा ढिलेपणा परत तपासा. पुढचा स्प्रॉकेट, चिमट्याची बिजागरी आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ होते, म्हणून दोन माणसं बसवून ती अगदीच तणत नाही ना ते पाहायचं. आणि हेडलाइट. मागून उंच झालेल्या गाडीचा झोत एकट्याने चालवताना खाली पडतो, तो परत लावावा लागतो.

त्यासाठी पुन्हा भिंतीवर खडू चालवावा लागला. दोघांची नवी रेघ जुनीपेक्षा चांगली वीतभर खाली आली. काकांनी ती पाहून, आपणच मोजल्यासारखी मान डोलावली. जुनी स्प्रिंग कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलीय, ‘एकट्यासाठी’ अशी चिठ्ठी लावून. रेघा अजून तशाच आहेत. पार्किंगची भिंत कोणी रंगवली, असं सेक्रेटरींनी ग्रुपवर विचारलंय. काकांनी आणि मी अजून तो मेसेज वाचलेला नाही.